विल्फ यॅप चर्चवर बसला

आमचं पेनिंगफर्ड दोनदा आहे. एक खरं, टेल नदीच्या काठावरचं, जिथे आम्ही राहतो. आणि दुसरं ‘फ्लीस’ नावाच्या पबच्या मागच्या बागेत, फुटाला अर्धा इंच या मापानं बांधलेलं. खऱ्या गावात बघण्यासारखं जे काही आहे, म्हणजे ओकच्या खांबांवरचा बाजारमंडप, पाच कमानींचा दगडी पूल, इंग्लंडच्या जुन्या यादवी युद्धातला तोफगोळा भिंतीत रुतून बसलेलं चर्च, ते सगळं छोट्या गावात आहेच. शिवाय खऱ्या गावातून केव्हाच गेलेल्या बऱ्याच गोष्टीही तिथे टिकून आहेत. आमची आगगाडी बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती, छोट्या गावात ती फलाटाला लागून उभी होती. आमच्याकडे पाव विकणारं एकही दुकान उरलं नव्हतं, तिथे तीन होती. बाहेरची माणसं खरं गाव वीस मिनिटांत उरकायची आणि छोट्यात दोन तास रमायची. आम्हाला याचा थोडा राग यायचा, पण बोलणार कोणाला?

या छोट्या गावाची राखण विल्फ यॅपकडे होती. विल्फ आमचा पोस्टमन. एकतीस वर्षं त्यानं गावात टपाल वाटलं. कोणत्या दाराची फट अरुंद, कोणाकडचं कुत्रं पँटला धरतं, कोणाला कोणाचं पत्र येतं आणि कोणाला येत नाही, हे सगळं त्याला पाठ. तो निवृत्त झाला तेव्हा बागेच्या समितीनं त्याला बोलावून घेतलं. गावातलं प्रत्येक घर ओळखणारा माणूस म्हणून आपली निवड झाली, असं विल्फ पहिली काही वर्षं सांगायचा. दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता, हे तो नंतर सांगायला लागला.

खरं तर या कामाला त्याच्याइतका अयोग्य माणूस शोधून सापडला नसता. उंची सव्वासहा फूट. पायातले बूट एवढे मोठे, की त्याची बायको ग्लेनिस त्यांना होड्या म्हणायची. अशा माणसानं रोज सकाळी वीतभर रुंदीच्या रस्त्यांतून चालायचं, गुडघे टेकून टाचणीएवढी गवताची पाती उपटायची आणि अंगठ्याएवढी दारं रंगवायची. पण विल्फला ते जमलं, निदान त्याला तसं वाटलं. आणि तिथेच सगळं बिघडलं. गावाकडे रोज वरून बघून बघून माणसाच्या डोक्यात काहीतरी जातं. विल्फ पाहुण्यांना इतिहास सांगताना छाती काढून उभा राहायला लागला. तो ‘माझा पूल’, ‘माझं चर्च’ म्हणायला लागला. छोट्या गावातल्या मिल लेनमध्ये त्याचं स्वतःचंही घर होतं. त्याचं दार दरवर्षी रंगवलं जायचं, इतरांची चार वर्षांतून एकदा. एवढ्यावर भागलं नाही, म्हणून त्यानं त्या घराला एक जादा धुराडंही लावलं, खऱ्या घराला नसलेलं. ग्लेनिसनं ते पाहिलं आणि विचारलं, की आता वरच्या मजल्यावर शेकोटी कधी पेटणार?

पण त्याची सगळ्यात वाईट खोड वेगळीच होती. काही काम केलं, की दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून, आपलंच काम बघत राहायचं.

दोन हजार तीन सालच्या मार्चमधला तो मंगळवार होता. बाग अजून पाहुण्यांना उघडलेली नव्हती, ईस्टरच्या शनिवारी उघडायची होती. विल्फ चर्चच्या आवारातलं यू नावाचं सदाहरित झाड कापत होता. झाड कसलं, रोपटंच ते, पण खऱ्या आवारातल्या हजार वर्षांच्या झाडासारखं दिसावं म्हणून त्याला नखं कापायच्या कात्रीनं आकार द्यावा लागायचा. विल्फनं शेवटची फांदी छाटली, झाड अगदी गोल झालं, आणि तो दोन पावलं मागे सरला. ते कमी पडलं, म्हणून तिसरं टाकलं. आवाराची बुटकी भिंत त्याच्या पोटऱ्यांना लागली आणि तो खाली बसला.

चर्चचं छप्पर बरोब्बर खुर्चीच्या उंचीचं होतं. फक्त खुर्चीसारखं मजबूत नव्हतं. विल्फ छपरातून थेट आत गेला आणि पार्श्वभागानं भक्तांच्या बाकांवर स्थानापन्न झाला. त्याची पाठ मनोऱ्यावर आपटली. मनोऱ्यावरचा उंच निमुळता कळस, ओकच्या शेकडो चिमुकल्या फळ्यांनी मढवलेला, एकदा डुलला आणि बाजारमंडपावर आडवा झाला. हे चर्च एकोणीसशे चौतीस ते अडतीस या चार हिवाळ्यांत अ‍ॅम्ब्रोज ट्रँटर नावाच्या सुतारानं एकट्यानं बांधलं होतं. खऱ्या चर्चवर यादवीत तोफा डागल्या होत्या, तरी त्याची भिंतही पडली नव्हती.

विल्फ अडकला. दोन्ही पाय कबरींवर, गुडघे हनुवटीजवळ, हातात नखं कापायची कात्री. कुल्ला हलवला की आत काहीतरी कडकड मोडायचं, नाही हलवला तर बाहेर येता येईना. अखेर तो एका अंगावर कलंडला आणि दक्षिणेकडची एक भिंत सोबत घेऊन बाहेर पडला.

एवढ्यात फाटक वाजलं. समितीचे अध्यक्ष मिस्टर स्परवे, निवृत्त दंतवैद्य, आत आले. आणि त्याच क्षणी कुंपणाच्या भोकातून, रोजच्यासारखा, मोझेस आत आला. मोझेस म्हणजे शेजारच्या मिस ट्रँटरांचा म्हातारा, लांब कानांचा कुत्रा. तो येऊन ढिगाऱ्याचा वास घ्यायला लागला.

मिस्टर स्परवेंनी चर्चकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे पाहिलं. “या कुत्र्यानं केलं?” त्यांनी विचारलं.

विल्फ खोकला.

पुढे तो हे सांगताना त्या खोकल्यावर फार जोर द्यायचा. आपण खोटं बोललो नाही. होय म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही, नुसतं खोकलो. पण एकतीस वर्षं ज्याच्या हाती गावानं आपली पत्रं दिली, त्याचा खोकलासुद्धा गाव खरा मानतं. मिस्टर स्परवेंनी मान हलवली, मांजराच्या मागे उडी मारली असणार म्हणाले, आणि विल्फच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं सांत्वन करू लागले. विल्फ मात्र सारखा त्यांच्याकडे तोंड करून उभा राहत होता आणि खेकड्यासारखा बाजूबाजूनं चालत होता, कारण पाठीला काहीतरी टोचत होतं आणि ते काय असावं याची त्याला कल्पना होती.

घरी ग्लेनिसनं त्याला मागे वळवलं आणि स्वेटरच्या लोकरीत अडकलेला पितळी कोंबडा सोडवून घेतला. कळसाच्या टोकावरचा, वारा दाखवणारा. तिनं तो टेबलावर ठेवला, किटली चढवली आणि मग विचारलं, काय झालं. विल्फनं सगळं सांगितलं. खोकल्यासकट. ग्लेनिस हसली नाही. ती एवढंच म्हणाली, की उद्याच्या उद्या जाऊन सांगून ये.

तो गेला नाही. उद्या म्हणता म्हणता गुरुवार आला आणि गुरुवारी मिस ट्रँटर आल्या.

मिस म्युरियल ट्रँटर तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी अक्षरं शिकवलेली. अ‍ॅम्ब्रोज ट्रँटर त्यांचे वडील. चर्च बांधायला घेतलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि सरसाचं भांडं धरून उभ्या राहायच्या. दर ईस्टरला बागेचं फाटक त्यांच्या हातून उघडायचं. त्या यॅपांच्या दारात उभ्या राहिल्या, हातात जिऱ्यासारख्या दाण्यांचा केक. त्यांनी विल्फची माफी मागितली. कुंपणाचं भोक आपणच बुजवायला हवं होतं, म्हणाल्या. मोझेसला आता साखळीनं बांधलंय, म्हणाल्या. वडिलांचं चर्च पडलं याचं आपल्याला वाईट वाटतंच, पण विल्फची सगळी मेहनत वाया गेली याचं जास्त वाटतं, असंही म्हणाल्या.

विल्फनं केक घेतला.

त्यानंतर दर गुरुवारी केक यायला लागला. ग्लेनिसनं त्यातला घासही तोंडात घातला नाही. ती फक्त विल्फच्या बशीत एक तुकडा वाढायची आणि बशीशेजारी तो पितळी कोंबडा ठेवायची. आपण तो तुकडा टाकून दिला, असं सांगायला विल्फला फार आवडलं असतं. पण केक उत्तम असायचा. पहिल्या गुरुवारी त्यानं एक तुकडा खाल्ला, दुसऱ्या गुरुवारी दोन. घशाखाली उतरताना लाज वाटायची, उतरल्यावर आणखी हवासा वाटायचा. तो स्वतःच म्हणायचा, की माझी सदसद्विवेकबुद्धी माझ्या पोटापेक्षा बरीच लहान निघाली, फुटाला अर्धा इंच या मापाची.

इकडे गावात मोझेसचं नाव बद्दू झालं होतं. समितीनं फाटकावर कुत्र्यांना बंदी असल्याची पाटी लावली, आणि ती रंगवायचं काम विल्फकडेच आलं. अक्षरं सुबक यावीत म्हणून त्यानं पाटी दोनदा रंगवली. टपालाच्या कचेरीत लोक मिस ट्रँटरांना बघून आवाज खाली करायचे. त्या नेहमी बागेतून जवळच्या वाटेनं दुकानात जायच्या, आता हमरस्त्यानं लांबून जायला लागल्या. आणि साखळीला बांधलेला मोझेस दिवसभर कुंपणापलीकडून रडायचा. विल्फ ढिगाऱ्यातल्या फळ्या वेचत बसायचा आणि ते रडणं त्याला ऐकू यायचं. त्यानं कानात कापूस घातला. मग त्याला फाटक ऐकू येईना.

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी मिस ट्रँटर केक घेऊन आल्या तेव्हा टेकायला म्हणून स्वयंपाकघरात बसल्या. यंदा फाटक दुसऱ्या कोणाकडून उघडून घ्या, म्हणाल्या. आणि मोझेसला सोमवारी आत्तेबहिणीच्या शेतावर पाठवतेय. त्याला बांधून ठेवलेलं बघवत नाही आणि सोडायची हिंमत होत नाही. “तेरा वर्षांचा आहे तो, विल्फ,” त्या म्हणाल्या. “तिथे त्याला फार दिवस जमेल असं वाटत नाही. पण काय करणार?”

त्या गेल्यावर ग्लेनिसनं केक कापलाच नाही. तिनं कोंबडा उचलला आणि विल्फच्या हातात ठेवला. विल्फनं कोट घातला.

मिस ट्रँटरांच्या बैठकीच्या खोलीत तो वाकून शिरला, तरी डोकं दिव्याला लागलंच. त्यानं कोंबडा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आडवळण न घेता सांगून टाकलं, की मोझेस नव्हता, मी होतो. मिस ट्रँटरांना पहिल्यांदा उमगेना.

“म्हणजे तू काय केलंस?”

“बसलो, बाई.”

“कुठे?”

“चर्चवर. मधोमध.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विल्फला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विल्फ सांगायचा, की चौथीत शाई सांडली होती तेव्हा त्यांनी असंच पाहिलं होतं, पण तेव्हा निदान नुकसान लहान होतं. मग त्या म्हणाल्या, “आणि पाच गुरुवार माझा केक खाल्लास.”

“हो, बाई.”

“सगळा?”

“ग्लेनिसनं नाही खाल्ला.”

“मग एकट्यानं खाल्लास.” विल्फनं माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. “माझी नको. तो तिथे बसलाय.”

मोझेस शेकोटीपाशी साखळीला बांधलेला होता. विल्फ गुडघ्यांवर बसला. मिस ट्रँटर हाताची घडी घालून बघत होत्या, त्यामुळे मनातल्या मनात उरकण्याची सोय नव्हती. त्यानं खणखणीत आवाजात कुत्र्याची माफी मागितली, नावानिशी, काय केलं ते सांगून. मोझेसनं जांभई दिली आणि त्याच्या बोटांचा वास घेतला, बहुधा केकचा. मग मिस ट्रँटरांनी साखळी सोडली.

त्यांनी त्याला क्षमा केली, असं मात्र नाही. त्यांनी सांगितलं, की मला सांगितलंस तेच परवा सगळ्यांना सांग, आणि दार उघडून धरलं.

शनिवारी बाग उघडायला पन्नासेक माणसं जमली. गाव होतं, बाहेरचे होते, मिस्टर स्परवे भाषणाचा कागद घेऊन उभे होते. विल्फनं त्यांच्या आधी बोलायची परवानगी मागितली. त्याला वाटलं होतं, दोन वाक्यांत संपवू. पण नुसतं ‘मी चर्चवर बसलो’ म्हटल्यावर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, तेव्हा त्याला पाय कुठे होते, कात्री कुठे होती, बाहेर कसा पडलो, हे सगळं करून दाखवावं लागलं. मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. कोंबड्यापर्यंत येईतो मिस्टर स्परवेसुद्धा रुमालात तोंड लपवून हलत होते. एकतीस वर्षं लोक आपल्याला मान देत होते आणि आता हसताहेत, हे विल्फला कळत होतं. हसू मनाला लागेल असं त्याला वाटलं होतं, तसं काही ते लागलं नाही. खोकल्याचं सांगितलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. ते लागलं.

मिस ट्रँटर पहिल्यापासून शेवटपर्यंत हसल्या नाहीत. सगळं संपल्यावर त्या पुढे आल्या, फाटक उघडलं, मोझेसला आधी आत सोडलं आणि विल्फच्या हातात एक जुनी वही दिली. वडिलांची. कळसाला किती फळ्या, त्यांची जाडी किती, सरस कसा शिजवायचा, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. “बाबांना चार हिवाळे लागले,” त्या म्हणाल्या. “तुझं वय बघता जरा घाई कर.”

विल्फनं घरच्या शेडमध्ये काम मांडलं. मिस ट्रँटर आठवड्यातून दोनदा यायच्या, खुर्चीवर बसायच्या आणि नापास करायच्या. पहिल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या फळ्या त्यांनी चुलीत घातल्या. विल्फचं डाव्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं. पोस्टमनच्या हाताला बारीक काम काय ठाऊक, फार तर फटीतून जाड पाकीट कोंबणं. एकदा त्यानं वैतागून म्हटलं, की एवढ्या जवळून कोण बघणार आहे? त्या म्हणाल्या, “मी.”

छप्पर काढून आतला चुरा साफ करताना त्याला बाकं सापडली. साठ-पासष्ट वर्षांत आत कोणी डोकावलं नव्हतं, डोकावायला जागाच नव्हती. खिडक्या मिचमिच्या, रंगीत काचेच्या. तरीही अ‍ॅम्ब्रोजनं आत बाकं केली होती, प्रत्येकाच्या टोकाला कोरीव फूल असलेली. बरीचशी विल्फच्या बुडाखाली गेली होती. वेदीजवळची पहिली दोन वाचली होती आणि दुसऱ्यावर एक बाई बसलेली होती. लाकडाची, करंगळीएवढी, निळी टोपी घातलेली. अख्ख्या चर्चमध्ये तेवढी एकच.

विल्फनं ती मिस ट्रँटरांच्या तळहातावर ठेवली.

“टोपी आईची,” त्या म्हणाल्या. त्यांची आई काम सुरू होण्याच्या आदल्या वर्षी गेली होती. विल्फ काहीतरी बरं बोलायचं म्हणून शब्द शोधायला लागला, पण त्यांचे खांदे हलताना दिसले आणि त्याच्या लक्षात आलं, की त्या हसताहेत. “आई चॅपलवाली होती, विल्फ, वेगळ्या पंथाची. पक्की. या चर्चची पायरी जन्मात चढली नाही. दर रविवारी घरात भांडण. बाबा इकडे, आई तिकडे, मी एक रविवार यांच्याकडे, एक तिच्याकडे. आणि बघ, शेवटी बसवलीच त्यांनी तिला.” मग चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, “तेही दुसऱ्या रांगेत.”

बाई आठवडाभर त्यांच्या घरी शेकोटीवरच्या फळीवर राहिली. विल्फला वाटलं, आता ती तिथेच राहणार, किंवा फार तर छोट्या गावातल्या चॅपलमध्ये जाईल. पण पुढच्या मंगळवारी त्या तिला रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. परत चर्चमध्येच बसव, म्हणाल्या. बाबांचं मन मोडायला नको. फक्त दाराजवळच्या बाकावर बसव, म्हणजे तिला वाटेल तेव्हा उठून जाता येईल.

दोन हिवाळे आणि वर थोडा वसंत लागला. कळस चढला, कोंबडा बसला. नीट पाहिलं तर कळस किंचित पूर्वेकडे झुकलाय आणि हे विल्फ पाहुण्यांना स्वतःहून दाखवतो. लोक आता बाजारमंडप आणि पूल भराभर बघून चर्चपाशी येतात आणि तो कुठे बसला होता ते विचारतात. काही जण त्याच्या देहाकडे बघतात, छपराकडे बघतात आणि खात्री पटल्यासारखी मान डोलावतात. तोफगोळ्याचं कोणी विचारत नाही. जादा धुराडं त्यानं एके दिवशी गुपचूप काढून टाकलं, पण ग्लेनिसनं ते नेमकं टिपलं आणि वरच्या मजल्यावर थंडी वाजत असेल ना आता, असं विचारलं.

मोझेस आणखी दोन वर्षं जगला. फाटकावरची पाटी विल्फनं काढली. मिस ट्रँटरांनी त्याला क्षमा केली का, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. गुरुवारचा केक पुन्हा काही आला नाही. पण चर्च झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्या वही घेऊन शेडमध्ये हजर झाल्या आणि छोट्या गावातल्या हाय स्ट्रीटवरच्या पावाच्या दुकानाचं दार हिरवं कसं रंगवलंस, असं विचारलं. खरं दार निळं होतं, म्हणाल्या. विल्फ म्हणाला, मी त्या दाराच्या फटीतून वर्षानुवर्षं पत्रं टाकलीत, हिरवंच होतं. त्या म्हणाल्या, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी त्या दारातून पाव आणलाय. वाद तीन आठवडे चालला. दार सध्या निळं आहे.